बंद पाकिटातली लक्ष्मी

आमच्या देव्हाऱ्यात, तुळजाभवानीच्या टाकाशेजारी, चांदीचा एक हाली रुपया आहे. त्याच्या एका बाजूस चारमिनार, दुसऱ्या बाजूस फारसी अक्षरे. निजामाचे राज्य १९४८ साली संपले, आणि पुढे १९५९ साली हाली नाणे व्यवहारातूनही गेले. परंतु आमच्या तीर्थरूपांनी पहिल्या पगारातला हा रुपया मोडला नाही, म्हणून दर लक्ष्मीपूजनास त्याला हळदकुंकू लागते. गेल्या श्रावणात, जिवतीच्या पूजेच्या शुक्रवारी, तो रुपया जागेवर नव्हता.

एकत्र कुटुंबात वस्तू हरवली म्हणजे प्रथम ती शोधतात आणि मग एकमेकांची तोंडे पाहतात. मोलकरणीकडे बोट जाण्याच्या बेतात होते, तोच आमचा नऊ वर्षांचा नातू कोपऱ्यातून म्हणाला, "आबा, मी दिला. त्याच्या बदल्यात सोनेरी कार्ड घेतले." त्या एका वाक्याने एक निरपराध बाई वाचली, हे मला आजही मोठे वाटते.

हे 'कार्ड' म्हणजे काय, हे ज्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चित्रपटांतील व दूरचित्रवाणीवरील पात्रे, कुस्तिगीर, क्रिकेटपटू, 'पोकेमॉन' नावाचे काल्पनिक प्राणी, ह्यांची चित्रे जाड कागदावर छापून ती बंद पाकिटांतून विकतात. पाकिटात काय निघेल ते विकत घेणाऱ्यास कळत नाही. कांही चित्रे मुद्दाम विपुल छापतात, कांही अगदी थोडी. थोडी असतात तीच मुलांस हवी असतात. पोकेमॉनचे पत्ते १९९६ साली जपानात निघाले. आज धाराशिवात शाळेजवळच्या दुकानांत दोरीला टांगलेली त्यांची पाकिटे मी रोज पाहतो. त्यांतील बहुतेक नकली असतात ही गोष्ट निराळी.

मला संताप आला, हे लपवीत नाही. मी अनेक वर्षे मास्तरकी केली आहे, आणि वर्गात असले पत्ते सापडले की जप्त करून टेबलाच्या खणात टाकणे हा माझा परिपाठ होता. परंतु ह्या वेळी शिक्षा करण्यापूर्वी नातवास म्हटले, "तुझा सगळा संग्रह घेऊन ये." त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात १४३ पत्ते होते. जातवार लावलेले, रबराने बांधलेले. रामरक्षेचे चार श्लोक ज्याला महिनाभर पाठ होईनात, त्याने प्रत्येक प्राण्याचे नाव, बळ, वैरी आणि रूपांतर न अडखळता सांगितले. ऐकता ऐकता माझा राग अर्धा उतरला. जे मूल इतके वर्गीकरण करू शकते त्याची बुद्धी वाया जात नाही; तिला खाद्य मात्र दुसऱ्याच्या दुकानातून मिळते आहे.

हा नाद नवा आहे काय? मुळीच नाही. सिगारेटची कागदी पाकिटे चुरगळू नयेत म्हणून अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत पुठ्ठ्याचे तुकडे घातले, आणि तुकडे घालावयाचेच तर त्यांवर नट्यांची व खेळाडूंची चित्रे का नसावीत, असा विचार केला. इंग्लंडात १९३० नंतरच्या दशकात जॉन प्लेअर कंपनीने चित्रपटतारकांच्या पन्नास-पन्नास चित्रांच्या माला काढल्या. माला पुरी करावयाची म्हणून बाप धूर सोडीत आणि मुले चित्रे जमवीत! १९४० साली युद्धातील कागदटंचाईने तो प्रकार तेथे बंद पडला.

आपल्याकडे तरी काय? सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घ्या: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे १२० गोल पत्ते हाताने रंगविलेले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर आल्या. श्रावणात आपण जिवतीचा कागद आणतो, तेही छापील चित्रच. मी स्वतः १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे काडेपेट्यांवरील चित्रे जमवीत असे. यात्रेत तंबूतला सिनेमा आला की आत जावयास पैसे नसत. म्हणून बाहेर विकावयास ठेवलेली गाण्यांची चोपडी घ्यावयाची आणि तीवरील चित्रावरून सबंध कथा मनात रचावयाची. तेव्हा आमच्या तीर्थरूपांनी "कचरा" म्हणून तो गठ्ठा बंबात घातला. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने असल्याच चोपड्या, भित्तिपत्रके व छायाचित्रे जपून ठेवली आहेत. १९३१ सालच्या 'आलम आरा' ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज हाती नाही. जे उरले आहे ते असल्या कागदांवरच. कालचा कचरा आज पुरावा होतो, तो असा.

मग माझी तक्रार कशाविषयी आहे? चित्राविषयी नाही, जमविण्याविषयीही नाही. ती आहे बंद पाकिटाविषयी. काडेपेटीवरचे चित्र पाहून मी उचलीत असे. पाकिटाचे तसे नाही. तेथे मूल चित्र विकत घेत नाही, आशा विकत घेते. दहा पाकिटांत नाही निघाले तर अकराव्यात निघेल, ही ती आशा होय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात एका जुगाऱ्याचे मनोगत आहे. बेहड्याच्या फळांचे फासे त्याला ओढून नेतात. हरल्यावर घरची माणसे दुरावतात, तरी पुन्हा त्याचे पाय तिकडेच वळतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची अवस्था मला माझ्या नऊ वर्षांच्या नातवाच्या डोळ्यांत दिसली, तेव्हा मी खरा भ्यालो. देव्हाऱ्यातल्या रुपयास हात घालताना त्याच्या मनात चोरी नव्हती. 'आता निघेल' एवढेच होते.

नातू म्हणाला, "आबा, अमेरिकेत एका कार्डाला कोट्यवधी रुपये मिळाले आहेत." गोष्ट खरी आहे. लोगन पॉल नावाच्या इसमाने २०२१ साली पोकेमॉनचा एक पत्ता ५२ लाख ७५ हजार डॉलरांस घेतला. परंतु त्या पत्त्याची कुळकथा मी चौकशी करून काढली, ती मुलांस अवश्य सांगण्याजोगी आहे. तो पत्ता कोणत्याही पाकिटात कधी घातलेलाच नव्हता! १९९७-९८ साली जपानातील एका मासिकाने चित्रकलेच्या स्पर्धा घेतल्या, आणि ज्यांची चित्रे उत्तम ठरली त्यांस तो बक्षीस दिला. असे पत्ते सुमारे चाळीसच निघाले. म्हणजे जगातला तो महागडा पत्ता पैसे टाकून पाकिटे फोडणाऱ्यास मिळाला नव्हता. ज्याने स्वतः चित्र काढले त्याला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी नातवास घेऊन मी त्या सातवीतल्या मुलाच्या घरी गेलो. दार त्याच्या आजीने उघडले. माझे बोलणे ऐकून त्या आत गेल्या आणि रुपया घेऊन आल्या. त्यावर ताजे कुंकू होते. म्हणाल्या, "पोराला लक्ष्मी सापडली म्हणून मीच देवापाशी ठेवली हो मास्तर." मला काय बोलावे ते सुचेना. नातवाने सोनेरी पत्ता पुढे केला. पावसाळ्याच्या ओल्या हातांनी त्याचा मुलामा उडून गेला होता. तो मुलगा म्हणाला, "मी दिला तसा हा नाही." त्याचे म्हणणे न्यायाचेच होते. असले सोनेरी पत्ते बाजारात शेदीडशे रुपयांस पन्नासांवर मिळतात, परंतु त्या क्षणी हिशेब रुपयांचा नव्हता. आमच्या नातवाने डबा उघडला, आणि आपल्या आवडीचे दहा पत्ते एकेक करून मोजून दिले. मी मध्ये पडलो नाही. येताना वाटेत तो रडला, आणि मी रडू दिले.

पुढच्या रविवारी आम्ही तेरला गेलो. गोरोबाकाकांचे दर्शन घेऊन मग तेथले संग्रहालय पाहिले. तेर म्हणजे प्राचीन तगर, जेथले कापड भडोचमार्गे परदेशी जात असे. त्या गावच्या पांढरीतून निघणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्या तेरच्याच गृहस्थांनी जमविल्या, म्हणून आज ते सरकारी संग्रहालय उभे आहे. नातवाने एका कपाटापाशी विचारले, "आबा, ह्यांना पण लोक वेडे म्हणत असतील का?" मला एकाएकी माझ्या टेबलाचा खण आठवला. एका विद्यार्थ्याचा कुस्तिगिरांच्या पत्त्यांचा जुडगा आणि त्यासोबत त्याने क्रमांकवार लिहिलेली वही मी जप्त केली होती. वर्षअखेरीस ती परत द्यावयाची राहिली, आणि शिपायाने खण साफ केला. वही तरी वाचून पाहावयास हवी होती.

घरी बंदी घातलेली नाही. बंदीने वस्तू घराबाहेर जाते, नाद जात नाही. महिन्यातून एक पाकीट, तेही स्वतःच्या साठविलेल्या पैशांचे आणि सर्वांसमोर फोडावयाचे. अदलाबदल पत्त्याशी पत्त्याचीच. आणि आपल्याहून लहानाशी व्यवहार करावयाचा तर घरातले मोठे माणूस साक्षीला हवे. एवढे ठरले आहे. मुलाचा डबा महिन्यातून एकदा तरी वडीलमाणसाने शेजारी बसून पाहावा, हा नियम मात्र आम्हां मोठ्यांसाठी आहे, आणि तो पाळणेच अधिक कठीण जाते.

जुन्या लग्नपत्रिका घरात ढिगाने पडलेल्या असतात. त्यांच्या कोऱ्या पाठीवर नातवाने हल्ली स्वतःचे पत्ते काढावयास आरंभ केला आहे: नळदुर्गाचे नर-मादी धबधबे, गोरोबाकाकांचे चाक, आमची मांजर. चुलत भावंडांत त्यांची अदलाबदल चालते. परवा मांजरीचा पत्ता मला फार आवडला, म्हणून मी मागितला. चिरंजीव म्हणाले, "फुकट नाही आबा. बदल्यात काय देता?"

तीर्थरूपांच्या बंबातून वाचलेले काडेपेटीचे एक चित्र माझ्या अमरकोशाच्या पानांत होते. ते काढून दिले.