खुराड्यातील आजारी कोंबडीचे करावे काय?

उमरी तालुक्यातील कोणत्याही वस्तीत सकाळी फेरी मारली असता अंगणात दहा-पाच गावठी कोंबड्या चरताना दिसतात. अंड्यांचे चार पैसे बहुधा घरातील गृहिणीच्या हाती राहतात व त्यांतून मीठमिरचीपासून मुलांच्या वह्यांपर्यंतचा खर्च निघतो. यांतील एखादी जुनी कोंबडी पिसे फुलवून, मान खाली घालून कोपऱ्यात बसली, की घरात एकच विचार होतो. मरण्यापूर्वी ती कापावी, नाही तर बाजारच्या दिवशी विकून टाकावी. फुकट जाण्यापेक्षा काही तरी पदरात पडलेले बरे, हा त्यामागील हिशेब होय. हा हिशेब तोट्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मला केवळ पुस्तकाने शिकविलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवरील सभेत, अंडी देण्याचे थांबलेल्या जुन्या कोंबड्या काढून टाकाव्यात, असे मीच सांगितले होते. हा सल्ला निरोगी कोंबड्यांपुरता होता. परंतु तसे बोलून दाखविण्याचे मला सुचले नाही. एका बाईने आजारी पडलेली म्हातारी कोंबडी कापली आणि पिसे व आतडी उकिरड्यावर टाकली. पुढे थोड्याच दिवसांत तिच्या व शेजारच्या घरांतील पिल्ले आणि तलंगा माना वाकड्या होऊन मरू लागल्या. ती मानमोडी होती. पुढील भेटीत ती बाई एवढेच म्हणाली, “सायेब, तुमचंच तर ऐकलं होतं.” त्यावर मजपाशी उत्तर नव्हते.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. १९२६ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तो आढळला व त्यानंतर लवकरच कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे आपल्याकडे त्यास ते नाव पडले. हा विषाणूजन्य रोग असून त्यावर औषध नाही. आजारी पक्ष्याची विष्ठा, नाकातोंडातील स्राव, रक्त, पिसे, इतकेच नव्हे तर आपले हात व वहाणा यांमधून तो पसरतो. मांस नीट शिजविल्यास विषाणू नष्ट होतो हे खरे; पण धोका चुलीवर नसून कापण्याच्या जागी व उकिरड्यावर असतो. बाजारात नेलेली आजारी कोंबडी तर एकाच दिवसात रोग दहा गावांना वाटून येते.

यास्तव पहिला उपचार म्हणजे कोंबडी वेगळी करणे. इतर पक्ष्यांपासून दूर, सावलीच्या व वारा न लागणाऱ्या जागी डालग्याखाली तिला ठेवावे. खाली कोरडा भुसा पसरावा व पाण्याचे परळ स्वतंत्र असावे. आजारात अन्नापेक्षा पाण्याची निकड अधिक असते. थोडा गूळ व चिमूटभर मीठ घातलेले पाणी समोर ठेवावे. बळाने चोचीत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. खाऊ लागल्यास ज्वारीच्या शिजविलेल्या कण्या द्याव्यात. चारापाणी आधी निरोगी कोंबड्यांना व शेवटी आजारी कोंबडीला द्यावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. माणसांच्या वा गुरांच्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

मग शांतपणे तिची तपासणी करावी. पंखांखाली व गुदद्वाराभोवती उवा आहेत काय, हे पाहावे. खुराड्याच्या फटींत गोचिडी लपलेल्या असतात. त्या रात्री रक्त पितात व कोंबडी फिकट पडते. पायाचे खवले उचलले गेले असल्यास ती खरजेची खूण असते. कोंबडी वारंवार कुंथत असल्यास अंडे अडकलेले असू शकते. म्हाताऱ्या कोंबडीत जंतही पुष्कळ आढळतात. या व्याधी वेळीच दाखविल्यास पुष्कळदा बऱ्या होतात.

परंतु हिरवट-पांढरी हगवण, धाप लागणे, मान पिळवटणे, पाय वा पंख लुळे पडणे, तुरा काळानिळा होऊन सुजणे, किंवा एकदोन दिवसांत अनेक पक्षी मरणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत. पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा १९६२ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या व तो बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. अशा वेळी सभोवतालच्या एक किलोमीटर परिसरातील निरोगी कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे हाच रोग मेलेल्या कावळ्यांत आढळला. उकिरड्यावरील आतड्यांवर कावळेच प्रथम उतरतात, हे ध्यानात घ्यावे. मेलेला पक्षी चुना घालून खोल खड्ड्यात पुरावा. नाल्यात टाकू नये. संशयित रोगाची वर्दी देणे व आजारी पक्षी वेगळा ठेवणे हे २००९ च्या केंद्रीय कायद्यानेही मालकाचे कर्तव्य ठरविले आहे.

म्हाताऱ्या कोंबडीसाठी एवढे कष्ट कशाला, असे कोणी विचारील. खुडूक बसून पिल्ले काढणारी व घारीपासून ती राखणारी कोंबडी बहुधा हीच जुनी असते. शिवाय ती बरी झाली नाही तरी तिचे आजारपण बाकीच्या कळपासाठी आगाऊ इशारा असतो. तिला वेगळे ठेवण्यास एक डालगे व थोडे श्रम लागतात. न ठेवल्यास सारे खुराडे रिकामे होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडे एक विशेष काम येते. मानमोडीची लस ही आजारी कोंबडीचे औषध नव्हे. ती निरोगी पक्ष्यांनाच टोचावयाची असते. लसीच्या एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा फोडली की थोड्याच वेळात संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या एका घरास हे परवडत नाही. म्हणून वस्तीतील सर्व घरांची यादी करून, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने एक दिवस ठरवावा व कोंबड्या खुराड्यातून सोडण्यापूर्वी भल्या पहाटे लस टोचून घ्यावी. उन्हाळा तोंडावर येण्याआधी हे झाले पाहिजे.

आणि सल्ला देताना तो पुरता द्यावा. जुनी कोंबडी काढावयाची असेल, तर ती निरोगी असतानाच काढावी. आजारी पडली, की ती ना सुरीची, ना बाजाराची. तिची जागा वेगळ्या डालग्याखालीच होय.