माहू पानावर बसत नाही

मध्य प्रदेशातला बालाघाट हा धानाचा जिल्हा. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं कृषी विज्ञान केंद्र इथे बडगावला आहे. शेतकऱ्यांची प्रशिक्षणं, शेतावरच्या चाचण्या, प्रात्यक्षिकं, मेळावे ही त्याची कामं. ती बंद केली तर कुणाचं काय अडेल, असं हल्ली शिकलेली मंडळीच विचारतात. त्यांचे आक्षेप तीन : माहिती मोबाइलवर फुकट मिळते, औषधाचं दुकानदार सांगतो, आणि प्रशिक्षण म्हणजे फलक, फोटो अन् नाश्त्याचं पाकीट.

आक्षेप हवेतले नाहीत. म्हणून एकेक घेऊ.

मोबाइल माहिती देतो, कबूल. पण तुमची बांधी वरच्या अंगाची की खोलगट, तिच्यात पाणी ठरतं की निसटतं, हे त्याला ठाऊक नसतं. व्हिडिओत डोलणारं पीक कुठल्या मातीतलं, हेही तो सांगेलच असं नाही. कृषी विज्ञान केंद्राचं मूळ काम माहिती वाटणं हे नाहीच. देशातलं पहिलं केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीला निघालं. तेव्हापासूनची कल्पना अशी की विद्यापीठात जमलेली गोष्ट शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या शेजारी लावून बघायची. जमली तर पुढे न्यायची, फसली तर विद्यापीठाला कळवायची. हे फसणं कळवण्याचं काम कुठला व्हिडिओ करतो?

आता दुकानदार. धान पोटरीवर आलं की माहू पडतो. पलीकडे गोंदियात त्यालाच तुडतुडा म्हणतात. पिकात गोल गोल चट्टे करपू लागले की माणूस धावत दुकानात जातो आणि मिळालेलं औषध पानांवरून मारून येतो. पण हा तपकिरी माहू पानावर बसत नाही. तो बुंध्याशी, पाण्याच्या वर बोटभर अंतरावर दडतो. चूड हाताने बाजूला सारून वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. युरिया जास्त झाला, रोवणा दाट झाला, की त्याचं फावतं. काही औषधांनी तर त्याला खाणारे कोळी मरतात आणि तो उलट वाढतो. अशा वेळी पहिला सल्ला असतो बांधीतलं पाणी काढण्याचा आणि युरिया थांबवण्याचा. या सल्ल्याची बाटली भरता येत नाही, मग तो गल्ल्यावरून कोण देणार? दुकानदार वाईट असतो असं नव्हे, पण त्याचं पोट विक्रीवर चालतं. काही न विकता बोलणारा एक तरी माणूस शिवारात हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा. फोटोपुरते कार्यक्रम होतात. यादीवर सह्या होतात आणि चहा संपला की मांडव रिकामा होतो. पण इथल्या ढुटीच्या कालव्यात गाळ साचला म्हणून कुणी कालवा बुजवत नाही, गाळ उपसतात.

मात्र या कार्यक्रमांची बाजू घेणारेही एक चूक करतात. ज्ञान विद्यापीठातून निघतं आणि गावात पोचतं, असं ते धरून चालतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन दीड एकर. 1983 मध्ये त्यांना आपल्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. बांधीत लावलं होतं पटेल-3, म्हणजे याच जबलपूरच्या विद्यापीठातलं वाण. त्या लोंब्यांचं बी त्यांनी वर्षानुवर्षं निवडलं, आणि त्यातून एचएमटी धान उभं राहिलं. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडचं बी नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही एचएमटी प्रसारित केलं. आपल्याला श्रेय मिळालं नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. विद्यापीठाचं बी गावात आलं आणि गावाची नजर घेऊन विद्यापीठात परतलं. दुसऱ्या फेरीची नोंद मात्र कच्ची राहिली.

बालाघाटच्या चिन्नोरचंही तसंच. उंच वाढून आडवा होणारा, उशिरा निघणारा, उतारा कमी देणारा हा सुवासिक धान. 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन मिळेपर्यंत त्याचं बी घराघरांतल्या कणग्यांनी सांभाळलं होतं.

म्हणून हे शिक्षण चालू राहावं, पण दोन्ही दिशांनी. धान रोवण्याची श्री पद्धत शिकवताना सांगतात : कोवळे पऱ्हे, एका जागी एकच काडी, 25 सेंटिमीटरवर, दोरी धरून. रोवणा करतात बाया, आणि प्रशिक्षणाच्या खुर्च्यांवर बऱ्याचदा बसलेले असतात त्यांचे नवरे. दोरीने हात मंदावतो, आणि ठेक्याने घेतलेला एकर वेळेत उरकत नाही. ही अडचण पुस्तकात नाही, चिखलात उभ्या बाईला ठाऊक आहे. तिला तिच्या पोवारीत, मराठीत, गोंडीत विचारा. रोवण्याला या, तसे कापणीलाही या, आणि ती काय म्हणते ते लिहून न्या.

काही बंद करायचंच असेल तर फलक बंद करा. त्या पैशात दोरी धरून रोवणाऱ्या बाईची बुडणारी मजुरी भरून निघेल.