जुने यंत्र नव्या संगणकाशी का बोलत नाही?

कारखान्यातला वजनकाटा किंवा सीएनसी यंत्र ठणठणीत असते. मोडतो तो त्याला जोडलेला जुना संगणक. नवा आणला, की त्यावर जुने सॉफ्टवेअर चालत नाही आणि खापर मात्र यंत्रावर फुटते.

डॉसच्या काळात सॉफ्टवेअर सीरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलत असे. 'कॉम १'चा ठरलेला पत्ता ३एफ८. तिथे बाइट लिहिला की तो तारेवर जाई. विंडोज ९८ पर्यंत हे खपले. विंडोज एनटीने ही वाट बंद केली आणि २००१ मध्ये एक्सपीबरोबर ती बंदी घरोघरी पोहोचली. लिनक्समध्येही त्यासाठी रूटचा अधिकार लागतो.

मग 'पोर्ट उघडून देणारा' ड्रायव्हर टाकण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. एका सॉफ्टवेअरसाठी उघडलेले हे दार व्हायरसलाही उघडेच मिळू शकते. शिवाय बहुतेक नव्या लॅपटॉपना सीरियल पोर्टच नसतो आणि यूएसबी कन्व्हर्टर ३एफ८ या पत्त्यावर राहत नाही. म्हणजे धोका पत्करूनही काम अडलेलेच.

सरळ मार्ग आहे. पोर्ट फाइलसारखा उघडायचा, बॉड रेट ठरवायचा आणि वाचायचे-लिहायचे. चिपशी बोलणी ऑपरेटिंग सिस्टीम करते. कन्व्हर्टरही असाच चालतो. वेळेचा अतिकाटेकोर हिशेब लागणारी मोजकी कामे सोडली, तर एवढे पुरते. पण त्यासाठी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड किंवा यंत्राचा प्रोटोकॉल हाती हवा. तो अनेकदा विक्रेत्याकडेच अडकलेला असतो आणि यंत्र विकत घेताना तो मागायचे कुणाच्या ध्यानात येत नाही.