पीएच.डी.नंतर आमची मुले कोठे?

विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांत सिकलसेल आजार पिढ्यान् पिढ्या आहे. २०२३ साली केंद्राने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली झाली. पण या माहितीचा अर्थ लावणार कोण? जैववैद्यक आणि डेटा सायन्समध्ये हे काम प्रामुख्याने पोस्ट-डॉक्टरल संशोधक करतात. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मात्र पीएच.डी.पाशीच थांबते. पुढे ओळख आणि शिफारसपत्र लागते. ते आमच्या मुलांनी आणायचे कोठून? १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. ती वाट शासनाने एक पायरी पुढे न्यावी, ही आमची मागणी आहे. आजार आमच्या घरात असेल, तर प्रयोगशाळेतही आम्ही असलेच पाहिजे.