तिच्या हातांची साक्ष

आमच्या सोनपेठच्या वस्तीत एक मुकी-बहिरी पोरगी आहे. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. तिची भाषा तिच्या हातात, अन् ते हात वाचता येतात फक्त मायला. दोस्तहो, उद्या हिच्यावर कुणी हात टाकला तर कोर्टात बोलणार कोण?

कायदा म्हणतो, खुणा चालतील. १८७२ पासून म्हणतो. २०१३ साली त्यानं दुभाषी अन् व्हिडिओ बंधनकारक केला. आता २०२३ च्या साक्ष अधिनियमात तेच कलम १२५. कागद झकास!

पण राजस्थानच्या एका खून खटल्यात बाप लेकीचा दुभाषी झाला होता. २०१२ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, दुभाषी तिच्याच भोवतालचा पाहिजे, पण खटल्यात हितसंबंध नसलेला. नुसता अर्थ नको, खुणाही नोंदवा. आरोपी सुटलेलाच राहिला.

मी विचारतो, मायला हितसंबंध नाही तर कुणाला? अन् गावातला तो तटस्थ माणूस, ज्याच्या ओसरीवर ही कधी चढली नाही, तो हिच्या बोटांतलं काय वाचणार?

म्हणून आमची मागणी: तालुक्याला सरकारी दुभाषी नेमा. त्यानं साक्षीआधी वस्तीत यावं, मायजवळ बसावं, पोरीच्या खुणा शिकाव्यात. भत्ता सरकारनं द्यावा. चहा आम्ही पाजू.