सरळ पावलांची घाई

मूल चालू लागले की घरात आनंद होतो आणि त्यापाठोपाठ परीक्षकही तयार होतात. दीड-दोन वर्षांचे मूल पावले आत वळवून चालते, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडते, हे आधी आजीच्या लक्षात येते, मग शेजारणीच्या. पुढे एखाद्या पाहुण्याने 'कुणाला तरी दाखवून घ्या' असे म्हटले की आईवडिलांची झोप उडते. मालिश करणारी बाई पाय ओढून सरळ करून देण्याची हमी देते. कोणी डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्या पायात घालायला सांगते. मोबाइलवर शोध घेतला की 'पाय सरळ करणारे' बूट, पट्टे आणि टाचेखालच्या गाद्या समोर येतात. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी करणारेही भेटतात. या साऱ्या खटाटोपात एक साधा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही. पाऊल आत वळले आहे, पण ते नेमके कुठून?

पाऊल आत वळण्याची जागा बहुतेक मुलांत तीनपैकी एक असते आणि मुलाच्या वयावरून तिचा बराचसा अंदाज येतो. पहिल्या वर्षात कारण बहुधा पावलातच असते. गर्भाशयात पाय दुमडून राहिल्यामुळे चवड्याचा भाग आतल्या बाजूला वळतो आणि तळपाय घेवड्याच्या दाण्यासारखा बाकदार दिसतो. बोटाने हलकेच दाबल्यावर तो सरळ होत असेल तर बहुतांश बाळांत काहीही न करता तो सुधारतो. ताठर असेल, हाताने सरळ होत नसेल, तर मात्र पहिल्या काही महिन्यांतच प्लास्टर घालण्याचा विचार करावा लागतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलांत कारण नडगीच्या हाडात असते. हे हाड जन्मतः किंचित आत पिळलेले असते. मूल समोरून चालत येताना गुडघ्याच्या वाट्या सरळ पुढे आणि पावले मात्र आत दिसली, तर पीळ नडगीचा समजावा. हाडाची वाढ होताना तो हळूहळू उलगडत जातो आणि चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत दिसेनासा होतो.

तिसरे कारण मांडीच्या हाडात असते. खुब्यात बसणारा या हाडाचा वरचा भाग जन्मतः सुमारे ४० अंश पुढे वळलेला असतो. वाढीच्या काळात हा कोन कमी होत जातो आणि मोठ्या माणसात तो १५ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. या मुलांत पावलांबरोबर गुडघ्याच्या वाट्याही एकमेकींकडे पाहत असल्यासारख्या आत वळलेल्या दिसतात. मुलींमध्ये हे प्रमाण जास्त असते आणि अनेकदा आईचीही लहानपणी हीच चाल असते.

पालकांना सर्वाधिक घाबरवणारी गोष्ट इथेच घडते. 'दोन वर्षांपर्यंत नीट चालत होती, आता चाल बिघडली' अशी तक्रार घेऊन ते डॉक्टरकडे येतात. खरे तर मांडीचा हा पीळ जन्मापासूनच असतो. पण तान्ह्या बाळाच्या खुब्याभोवतीचे स्नायू आणि आवरणे पायाला बाहेरच्या बाजूला धरून ठेवतात, त्यामुळे तो झाकला जातो. मूल चालू-धावू लागल्यावर ही ओढ सैल होते आणि आतला पीळ तीन-चार वर्षांच्या सुमारास उघडा पडतो. म्हणजे नवे काही बिघडलेले नसते, जुनेच दिसू लागलेले असते. पाच-सहा वर्षांपर्यंत ही चाल ठळक राहू शकते. त्यानंतर ती कमी होत जाते आणि आठ ते दहा वर्षांपर्यंत बहुतेक मुले इतरांसारखीच चालू लागतात.

ज्यांच्यात थोडा पीळ कायम राहतो, त्यांचेही सहसा काही अडत नाही. ती धावतात, खेळतात, सायकल चालवतात. या पिळामुळे पुढे खुब्याचा संधिवात होतो, असे सिद्ध झालेले नाही. चालण्याफिरण्यातच खरा अडथळा येत असेल, तर हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. ती साधारण आठ-दहा वर्षांच्या आधी केली जात नाही आणि तिची गरज फार थोड्यांना पडते.

'सर्वसाधारण' म्हणजे नेमके किती, याचा हिशेबही मांडला गेला आहे. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद लिन स्टाहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांपासून प्रौढांपर्यंतच्या १,००० निरोगी पायांची मोजमापे घेऊन ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. निरोगी पायांतही किती वैविध्य असते आणि वयागणिक ते कसे बदलते, हे त्यातून दिसले. स्टाहेली यांनी त्याआधी, १९७६ मध्ये, आत वळणाऱ्या पावलांसाठी बुटांत केल्या जाणाऱ्या बदलांचीही पडताळणी केली होती. असे बदल प्रभावी ठरत नाहीत, असेच त्यातून पुढे आले. कारण उघड आहे. पीळ हाडात असताना तळव्याखाली पाचर ठेवून पाऊल फार तर बुटापुरते फिरेल, हाड फिरणार नाही. मालिशने किंवा 'पाय सरळ टाक' असे दिवसातून वीस वेळा बजावल्यानेही ते फिरत नाही. बाळाचा पाय जोर लावून पिळणे तर धोक्याचेच. त्याने इजा होऊ शकते.

तरीही हे उपाय टिकून आहेत, कारण ते लागू पडल्यासारखे दिसतात. तीन वर्षांच्या मुलाला खास बूट दिले आणि सहाव्या वर्षी त्याची चाल सुधारली, तर श्रेय बुटांना मिळते. शेजारच्या मुलाची चाल बुटांशिवाय तितकीच सुधारली, याची नोंद कोणी घेत नाही. निसर्गाने केलेल्या कामाचे बिल दुकानदाराने फाडावे, असा हा व्यवहार आहे. त्यात पैसे जातात ते वेगळेच. रोज जड बूट आणि पट्टे बांधून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या मनात मात्र आपल्या पायात काही खोट आहे, ही समजूत पक्की होते. ती घालवायला पीळ जाण्यापेक्षा जास्त वर्षे लागू शकतात.

बसण्याच्या सवयीचेही असेच. गुडघे पुढे आणि पावले दोन्ही बाजूंना मागे, अशी इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी बैठक मारणाऱ्या मुलांना घराघरांत ओरडा बसतो. मांडीच्या हाडात पीळ असलेल्या मुलाला हीच बैठक सोयीची वाटते आणि मांडी घालून बसणे अवघड जाते. ही बैठक पिळाचा परिणाम आहे. तिच्यामुळेच पीळ येतो, असा पुरावा नाही. मांडी घालून किंवा पाटावर बसण्याची सवय लावायला हरकत नाही, पण त्यासाठी रोज रागावणे व्यर्थ आहे.

इथपर्यंतचा मजकूर वाचून 'म्हणजे काही करायचे नाही' असा निष्कर्ष कोणी काढला, तर मात्र ते महागात पडेल. 'आपोआप सरळ होईल' हे वाक्य दहातल्या नऊ घरांत खरे असले, तरी दहाव्या घरात ते मुलाचा पाय कायमचा अधू करू शकते. निरोगी पायांवर नको ते उपचार होतात आणि आजारी पाय मात्र उशिरा दवाखान्यात पोहोचतात, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. दोन्हींचे मूळ एकच. पाय नीट तपासला जात नाही.

क्लबफूटचेच उदाहरण घ्यावे. साधारण हजार बाळांमागे एकाला असणारा हा जन्मदोष आहे. यात पाऊल आत आणि खाली वळलेले, टाच वर ओढलेली आणि तळवा आतल्या बाजूला फिरलेला असतो. हाताने पाऊल सरळ होत नाही. मूळचे स्पेनचे आणि नंतर अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासियो पॉन्सेटी यांनी विकसित केलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे फिरवून प्लास्टर बदलत न्यायचे, अशी पाच-सहा प्लास्टरे. बहुतेकांत टाचेची शीर कापण्याची एक छोटी प्रक्रिया. त्यानंतर दोन बुटांना जोडणारी दांडी, सुरुवातीचे तीन महिने जवळपास दिवसरात्र आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू झालेला हा उपचार मोठी शस्त्रक्रिया बहुधा टाळतो. दांडी मध्येच सोडली, तर पाऊल पुन्हा वळते.

या दांडीचा इतिहास बोलका आहे. लंडनचे शल्यविशारद डेनिस ब्राउन यांनी १९३० च्या दशकात क्लबफूटसाठी दांडी आणि बूट वापरात आणले. पुढे तीच कल्पना नुसता पीळ असलेल्या निरोगी पायांवरही सर्रास वापरली गेली आणि तिथे निरुपयोगी ठरली. म्हणजे एकच साधन एका मुलाला आयुष्यभर नीट चालू देते आणि दुसऱ्या मुलाची झोप विनाकारण मोडते. फरक फक्त निदानाचा.

मुडदूस हे दुसरे कारण. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडले की हाडे मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि पावलेही आत पडतात. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाकदार असणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही बाक वाढत असेल, मनगटे जाड दिसत असतील, चालायला आणि दात यायला उशीर झाला असेल, तर रक्ततपासणी आणि क्ष-किरण चित्र हवे. ऊन भरपूर असलेल्या आपल्या राज्यातही हा आजार दिसतो, कारण मुलांच्या वाट्याला ते ऊन येतेच असे नाही आणि आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार थोडे असते. म्हणूनच बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना करते. हे थेंब न चुकता दिले, तर पुढचे बरेच काही टळते.

याखेरीज मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठ राहणारी मुले असतात. अपुऱ्या दिवसांची किंवा जन्मतः उशिरा रडलेली. ती चवड्यावर चालतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. काही मुलांचा खुबा जन्मतः निखळलेला असतो. चालताना ती एका बाजूला झुकतात, एक पाय आखूड दिसतो. या दोन्हींत लवकर निदान झाले तर फरक पडतो.

म्हणून पालकांनी नुसत्या आत पडणाऱ्या पावलांनी घाबरू नये, पण सोबतच्या खुणांकडे डोळेझाक करू नये. एकाच पायाचे पाऊल आत पडणे किंवा दोन्ही पायांत ठळक फरक असणे, पाय दुखणे, लंगडणे, चाल दिवसेंदिवस बिघडत जाणे, दीड वर्षापर्यंत चालायला न लागणे, पाऊल ताठर असणे, आठ वर्षांनंतरही चालताना सतत अडखळणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. यांतले काही नसेल, तर दर सहा महिन्यांनी मुलाला अनवाणी, गुडघे उघडे ठेवून, त्याच व्हरांड्यात चालायला लावावे आणि मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. ओल्या पायांचे फरशीवरचे ठसेही पुष्कळ सांगतात. रोज पाहणाऱ्याला न जाणवणारी सुधारणा जुन्या चित्रणाशी ताडून पाहिली की दिसते आणि डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो.

डॉक्टरांची जबाबदारी याहून मोठी आहे. ही तपासणी करायला यंत्र लागत नाही. मुलाला चालताना पाहायचे, पालथे झोपवून गुडघे वाकवून खुबा किती आत-बाहेर फिरतो ते पाहायचे, नडगीचा पीळ आणि तळव्याचा आकार पाहायचा. एवढ्याला काही मिनिटे पुरतात. गर्दीच्या दवाखान्यात ती मिळत नाहीत आणि त्याऐवजी बुटांची चिठ्ठी किंवा 'होईल नीट' असे मोघम वाक्य हाती पडते. पीळ कुठे आहे, तो कधीपर्यंत जाईल आणि पुन्हा केव्हा दाखवायचे, हे पालकांना सांगणे हाच इथे उपचार आहे.

सरकारकडे यासाठी यंत्रणा नाही असेही नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित आहे. त्याच्या यादीत क्लबफूट आणि जन्मतः निखळलेला खुबा, दोन्ही आहेत. तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे असे ठरलेले आहे. या भेटी वजन-उंचीच्या नोंदीवर न थांबता मुलाला दहा पावले चालायला लावण्यापर्यंत गेल्या, तर बरेच आजारी पाय वेळेत सापडतील आणि निरोगी पायांच्या घरी 'काळजी नको' हा निरोप अधिकाराने पोहोचेल. 'पाय सरळ करण्याचा' दावा करून वस्तू विकणाऱ्यांना त्या दाव्याचा पुरावा मागण्याचे कामही कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे.

तोवर घरात एवढे पाळता येईल. मुलाचे पाय एकदा जाणत्या डॉक्टरला दाखवून घ्यावेत आणि सारे ठीक असल्याचे कळले, तर त्याला अनवाणी पळू द्यावे. ते पडेल, उठेल, पुन्हा पळेल. दोन वर्षांचे कोणतेही मूल तेच करते.