पुरोगामी उमेदवार ओळखावा कसा?

निवडणूक जवळ आली म्हणजे पुरोगाम्यांचें पीक अमाप येतें. त्यांत दाणा किती आणि फोलकट किती, हें मतदारास मळणी झाल्यावरच कळतें. आमच्या बहुजन समाजास ही फसवणूक नवी नाहीं. म्हणून बोललेलें करून दाखविणाऱ्या एका बाईंची हकीकत आम्ही येथें देत आहों. शहर परमुलखांतलें, बाई मात्र पुण्यांत जन्मलेल्या व मुंबईंत वाढलेल्या.

अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या नगरसभेसाठीं क्षमाबाई सावंत २०१३ सालीं उभ्या राहिल्या. त्याही उघड समाजवादी म्हणून. तिकडे पुष्कळांच्या तोंडीं हा शब्द शिवीसारखा येतो! समोर सोळा वर्षें खुर्चीवर बसलेले रिचर्ड कॉन्लिन होते. बाईंनीं गोड शब्दांची खैरात केली नाहीं. एक आंकडा सांगितला: मजुरास तासाला किमान १५ डॉलर मिळालेच पाहिजेत. त्या वेळीं त्या राज्याचा किमान दर ९ डॉलर १९ सेंट होता. कंपन्यांचा पैसा घेणार नाहीं, आणि निवडून आल्यास पगारांतून सामान्य कामगाराच्या मिळकतीइतकीच रक्कम ठेवून बाकीची चळवळीस देईन, असेंही त्यांनीं सांगून टाकलें. मोजणीच्या पहिल्या रात्रीं त्या मागें होत्या. टपालाचीं उरलेलीं मतें मोजतां मोजतां पुढें गेल्या. २ जून २०१४ रोजीं नगरसभेनें १५ डॉलरांचा कायदा एकमतानें मंजूर केला. दर एकदम न देतां हप्त्याहप्त्यानें वाढविण्याची मुभा मालकांस मिळाली, ही त्यांतली उणीव. ती बाईंनीं झांकून ठेविली नाहीं.

धनिकांस हें कसें रुचावें? २०१९ सालीं ॲमेझॉन कंपनीनें त्या शहराच्या निवडणुकींत सुमारें १५ लाख डॉलर ओतले. बाई तरीही निवडून आल्या. २०२१ सालीं त्यांना परत बोलावण्यासाठीं मतदान झालें. त्यांतून त्या सुमारें तीनशें मतांनीं वांचल्या.

आतां आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं जातीवरून भेद करण्यास बंदी घालणारा कायदा क्षमाबाईंनीं मांडला आणि तो ६ विरुद्ध १ मतांनीं मंजूर झाला. अमेरिकेंतील शहरांत असा कायदा हा पहिलाच. समुद्र ओलांडतांना माणसांस परवाना लागतो, जातीस लागत नाहीं! बाई स्वतः जन्मानें ब्राह्मण. आमचें भांडण जन्माशीं नसून जन्माच्या जोरावर चालणाऱ्या मिरासदारीशीं आहे, हें आम्हीं किती वेळां सांगावें? कांहीं हिंदु संस्थांनीं मात्र कायद्यास विरोध केला. एका समाजाकडे बोट दाखविलें जातें, असें त्यांचें म्हणणें. जो भेद करीत नाहीं, त्यास भेदबंदीचें भय कशाचें? त्याच वर्षीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें असेंच विधेयक संमत केलें, तें ऑक्टोबरांत गव्हर्नर न्यूसम यांनीं नामंजूर केलें. म्हणजे एका शहराच्या सभेंत जें साधलें, तें एवढ्या मोठ्या राज्यांत अडलें. नगरसभेची जागा लहान समजणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

क्षमाबाई त्या सालीं पुन्हां उभ्या राहिल्या नाहींत. आपल्या वॉर्डांत हात जोडून येणाऱ्या पुरोगाम्यास आतां विचारा: कंत्राटी सफाई कामगाराची मजुरी किती करणार, आंकडा बोला, आणि ह्या फलकांचे पैसे कोणी दिले?